वेणीखालचं टेंगूळ

आमच्या हॉकीच्या टीमचा एक नियम होता, आणि तो सरांनी नाही, आम्ही मुलींनीच केला होता. लागलेलं घरी सांगायचं नाही.

नाशिक रोडला, सत्तरच्या दशकात, मुली स्कर्ट घालून मुरमाच्या मैदानावर हॉकी खेळतात हेच पुष्कळांच्या डोळ्यांवर यायचं. घरात कळलं की पोरीला लागलंय, तर खेळ बंद. माझी आत्या तर म्हणायची, चेहऱ्याला काही झालं तर हिला करून कोण घेणार? म्हणून नडगी काळीनिळी झाली की मोजे वर ओढायचे. डोक्याला टेंगूळ आलं की कुणीतरी वेण्या अशा घालून द्यायच्या, की आईनं तेल लावायला घेतलं तरच सापडावं. वेण्यांचं काम माझ्याकडे होतं. माझा हात हलका होता, आणि मला त्याचा मोठा गर्व होता, मेला.

माझी मैत्रीण आमची सेंटर हाफ, सगळा खेळ तिच्यावर उभा. शेजारच्याच चाळीत राहायची, वर्गात एका बाकावर आम्ही दोघी. तिचे वडील कारकून होते, तापट. एकदा जरी लागून घरात आलीस तर स्टिक चुलीत घालीन, असं त्यांनी बजावलं होतं, आणि ते घालणारे होते. तिला खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी जिल्ह्याच्या टीमचं सर्टिफिकेट हवं होतं आणि त्या निवडीची मॅच रविवारी होती.

गुरुवारी सरावात बॉल मुरमातल्या दगडावर आपटून उसळला आणि तिच्या कानाच्या वर बसला. ती खाली बसली, मग उठली. रक्ताचा टिपूस नाही. आमचे सर खरं म्हणजे चित्रकलेचे. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून मुलींची टीम त्यांच्या गळ्यात पडलेली. पण माणूस काळजीचा. डोक्याला लागलं की ते समोर उभं करून विचारायचे, आत्ता किती गोल झालेत? बरोबर सांगितलं तर खेळ, नाही तर घरी.

त्यांनी तिला विचारलं. ती त्यांच्याकडे नाही, त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघायला लागली. वर्गात गणिताच्या तासाला आम्ही वर्षभर हेच करत होतो. माझा हात सवयीनंच वर गेला. आधी दोन बोटं, मग एक.

"दोन-एक," ती म्हणाली.

"शाब्बास," सर म्हणाले, आणि शिट्टी वाजवली.

खेळ संपल्यावर नळाखाली तिचं डोकं धरलं. लिंबाएवढं टेंगूळ होतं. मी वेणी जरा वरून घेतली, रिबिनीचं फूल त्यावर आणून बसवलं. काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

शुक्रवारी ती वर्गात डोळ्यांवर तळवे धरून बसली होती. उजेड टोचतोय म्हणाली. मधल्या सुट्टीत शाळेमागे जाऊन ओकली. मी म्हटलं, कच्चे पेरू खाल्लेस, दुसरं काय. शनिवारी आम्ही दोघी नाशिकला गेलो होतो. परतताना ती सरळ उलट्या दिशेच्या सातपूरच्या बसमध्ये चढली. नाशिक रोडची बस लहानपणापासून ओळखीची, आणि पाटी समोर असून ही बाई दुसऱ्याच बसमध्ये जागा धरून बसलेली. मी तिला हाताला धरून खाली उतरवलं. ती हसली. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

"सरांना सांगते मी," मी म्हटलं.

तिनं माझं मनगट धरलं. "सांगितलंस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी. एवढा रविवार जाऊ दे गं."

मी गप्प बसले. तिच्यासाठी गप्प बसले असं पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले. पण खरं तेवढंच नाही. सेंटर हाफ नसती तर आम्ही हरलो असतो, आणि हरलेल्या टीममधल्या लेफ्ट हाफकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं. लेफ्ट हाफ मी होते.

रविवारी तिला बॉल लागला नाही, स्टिकही लागली नाही. नुसता एका मुलीचा खांदा लागला, बाजारात लागतो तेवढाच. ती दोन पावलं चालली आणि कोसळली. फीट आली म्हणून कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी डोक्याला मार बसला होता का? वडील नाही म्हणाले. आई नाही म्हणाली. सर म्हणाले, गुरुवारी बॉल लागला होता, पण मी विचारून बघितलं होतं, तिनं गोल अगदी बरोबर सांगितले. डॉक्टरांनी तिची वेणी सोडली. मी तिचे बूट हातात धरून भिंतीला टेकून उभी होते.

आठव्या दिवशी तिनं डोळे उघडले. महिन्याभरानं चालत घरी आली. जुनं सगळं आठवायचं, माणसं ओळखायची, पण नवीन काही डोक्यात टिकेना. आज सांगितलेलं चार-आठ दिवसांत पुसलं जायचं. दहावी राहिली ती राहिलीच. सरांनी त्यानंतर शिट्टी हातात धरली नाही. मुलीची नजर आपल्याला वाचता आली नाही, असं ते मरेपर्यंत मानत राहिले. त्यांनाही मी सांगितलं नाही.

खेळाची शिक्षिका मी झाले. माझ्या मैदानावर डोक्याला लागलं की प्रश्न-बिश्न विचारत नाही. मूल बाहेर, त्याच्याजवळ मोठं माणूस, आणि संध्याकाळी मी स्वतः त्याच्या घरी. ओकारी, उजेडाचा त्रास, बावचळल्यासारखं वागणं, सगळं आईला समजावून सांगते. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्टिकला हात नाही. पालक भांडतात, हेडमास्तर मला भित्री म्हणतात. म्हणू देत.

ती भावाकडे राहते. रविवारी मी जाते. पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं तेव्हा आम्ही तिशीच्या उंबरठ्यावर होतो. बोटं, वेणी, बस, सगळं. ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तूही लहानच होतीस गं." मी हमसून हमसून रडले. घरी जाऊन कित्येक वर्षांनी शांत झोपले.

दोन रविवारांनी तिनं विचारलं, "मला तेव्हा नक्की काय झालं होतं? मेलं कुणी नीट सांगतच नाही."

मी पुन्हा सांगितलं. त्या वेळी तिनं मला घरातून हाकललं. बरोबरच केलं. पुढच्या रविवारी गेले, तर दारातच म्हणाली, ये ये, किती दिवसांनी.

असं किती वेळा झालं, सांगता येणार नाही. कधी ती माफ करते, कधी तोंड फिरवते. एकदा नुसतं विचारलं, मॅच कोण जिंकलं?

मागच्या रविवारी आम्ही मटार सोलत होतो. तिनं परत विचारलं. खरं सांगते, मी थकले होते. म्हटलं, "बॉल लागला तुला."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं मान हलवली. दोन-चार शेंगा सोलल्या. मग खाली बघून म्हणाली, "म्हणजे माझंच लक्ष नव्हतं."

मी परात बाजूला सारली आणि गुरुवारपासून सांगायला लागले.