पाठ फिरवून हलवलेला फोल्डर

ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला, लाल मातीच्या रस्त्यावर आमची वस्ती. वस्तीच्या दुकानाला लागून एक खोली आहे आणि तिथल्या कॉम्प्युटरवर डल्सीचं राज्य. गावातल्या प्रत्येकाच्या नावाचा तिथे एक फोल्डर. रांगतानाचे, फुटबॉलचे, शिकारीहून परततानाचे फोटो. लोक खुर्च्या ओढून बसतात आणि स्वतःलाच बघून हसतात. माऊसला मात्र डल्सी कोणाला बोट लावू देत नाही.

तिचा दीर जंगरायी हटकून म्हणायचा, "वहिनी, फोटोत डोक्यावर जरा केस वाढवा की माझ्या."

"गेले ते गेले, भाऊजी. आणि कांगारूची शेपटी खाऊन आलाय, आधी हात धुऊन या."

माणूस गेलं की आमच्यात त्याचं नाव घेत नाहीत आणि चेहरा दाखवत नाहीत. त्याच नावाचा दुसरा कोणी असेल तर तोही त्या दिवसापासून कुमंजई होतो, म्हणजे ज्याचं नाव घ्यायचं नाही तो. काही वर्षांनी घरचे सांगतील तेव्हाच सगळं पुन्हा उघडायचं. म्हणून कोणी गेलं की डल्सी त्याच दिवशी त्याचा फोल्डर ओढून 'शांत' नावाच्या मोठ्या फोल्डरमध्ये टाकायची आणि त्याला कुलूप घालायची. ओढून झालं रे झालं की पाठ फिरवायची. कोणाला हसू येत असेल तर त्यानं खुशाल हसावं. आमच्या डोळ्यांना तो चेहरा सोसत नाही.

पुढे कॉम्प्युटर भरला. मग एक काळी ड्राइव्ह आली, हातात मावेल एवढी. ती आणून देणाऱ्यानंच 'शांत' तिच्यात हलवून दिलं आणि ड्राइव्ह लोखंडी कपाटात गेली.

त्यानंतर पहिला गेला तो मॅव्हिसचा मुलगा. मॅव्हिस म्हणजे डल्सीची सख्खी मोठी बहीण. गाडी उलटली. त्याचं नाव मीही लिहिणार नाही. आमच्यात मावशी म्हणजे आईच, आणि डल्सीनं तर त्याला मॅव्हिसपेक्षा जास्त कडेवर मिरवलेलं. बातमी आली तशी ती खोलीत गेली, त्याचा फोल्डर काळ्या ड्राइव्हवर ओढला, पाठ फिरवून भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, आणि मशीनची घरघर थांबल्यावर न बघताच कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. मग वस्तीबाहेर दुखवट्याला बसलेल्या बायकांत जाऊन बसली. तिथे आया बोलत नाहीत. जे काय बोलायचं ते हातांनी. दोघी बहिणी कित्येक आठवडे तशाच, हातांनी बोलत होत्या.

एका सकाळी दोघी चहा आणि पीठ घ्यायला दुकानात आल्या. गल्ल्याच्या वर एक टीव्ही आहे, त्यावर डल्सीच्या कॉम्प्युटरमधले फोटो आपोआप बदलत राहतात, एकेका फोल्डरची पाळी यायला महिने लागतात. मॅव्हिस बोटानं पिठाची पिशवी दाखवत होती आणि वर पोरगा आला. फुटबॉलच्या जर्सीत, दात काढून हसणारा.

दुकानातल्या सगळ्या माना खाली गेल्या. एक म्हातारी रडू लागली. मॅव्हिसनं मान खाली घातली नाही. डल्सीनं काउंटर ओलांडून वायर उपटली, तोवर मॅव्हिस पीठ तिथेच टाकून निघून गेली होती.

"वहिनी, तुम्ही हलवला होतात ना?" जंगरायीनं विचारलं.

डल्सीनं हातानं सांगितलं, हलवला होता.

"मग वर काय त्याचं भूत आलं?"

ती खोलीत गेली आणि तिनं पहिल्यांदा नीट बघितलं. फोल्डर काळ्या ड्राइव्हवर होता आणि जुन्या जागीही होता. एकाच ड्राइव्हमध्ये ओढलं की फोल्डर उठून जातो. दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं की तिथे नक्कल उमटते आणि मूळ जागचं हलत नाही. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण वळून एकदा बघितलं असतं तर दिसलं असतं, आणि तेच तिला खात होतं.

दुखवट्याच्या जागी मॅव्हिसनं आपलं अंथरूण दूर नेलं होतं. बाकी कोणाचं काय, डल्सीला फक्त तिची भीती होती. आई गेल्यापासून तिला तीच एक होती. डल्सीनं एक काठी तिच्यासमोर ठेवली आणि मान खाली घालून बसली. आमच्यात चुकलेल्यानं मार खाल्ला की प्रश्न मिटला. न मारता ती तशीच दूर राहिली असती तर डल्सीला जगणं कठीण होतं.

बऱ्याच वेळानं मॅव्हिसनं काठी बाजूला सारली. "चल," तिचे हात म्हणाले.

"कुठे, ताई?" डल्सीनंही हातानंच विचारलं.

"तो आहे तिथे."

खोलीत मॅव्हिस पडद्याकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि तिनं डल्सीच्या घागऱ्याचं टोक मुठीत धरलं. डल्सीनं या वेळी मान वळवली नाही. एकेक फोटो उघडून तो काळ्या ड्राइव्हवर आहे ना ते बघितलं आणि मगच जुन्या जागचा पुसला. एकात तो तिच्याच मांडीवर होता, शेंबडा, तिच्या केसांना लोंबकळलेला. तोही बघितला आणि पुसला. डोळे वाहत होते, ते तिनं वाहू दिले. शेवटी जुनी जागा रिकामी झाली. तिनं ती दोनदा बघितली आणि बहिणीच्या खांद्याला हात लावला.

"कुठे आहे?" मॅव्हिसनं हातानं विचारलं.

डल्सीनं काळी ड्राइव्ह काढून तिच्या ओंजळीत ठेवली. इतका वेळ चालून ती गरम झाली होती. मॅव्हिसनं ती पोटाशी धरली. डल्सी कपाट उघडं ठेवून तिच्याजवळ जमिनीवर बसली, आणि ड्राइव्ह पार थंड होईपर्यंत दोघींपैकी कोणी उठलं नाही.