तिसऱ्या चंद्रावरचा मिस्त्री

“आमी वाचत न्हाई. आमी जुळवतो.”

हे वाक्य मामा डाव्या हातात ओळी जुळवायची स्टिक धरून, उजव्या हाताने खणातले अक्षरांचे खिळे उचलत, समोरच्याकडे न बघता म्हणायचे. समोरचा म्हणजे बहुतेक वेळा मीच. नगरच्या एका छापखान्यात ते कंपोझिटर होते आणि मी मुद्रितं तपासायला होतो. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं ते तिथंच राहिलं; शेठपासून मशीनमनपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. खिळे जुळवणारा माणूस तुम्ही कधी पाहिला असेल, तर त्याचे डोळे कागदावर असतात आणि हात आपला आपण एकेक अक्षर शोधून आणतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. मामांचा हात कोंबडीने दाणे टिपावेत तसा चालायचा. सकाळी एका पक्षाची पत्रकं, दुपारी त्याच पक्षाला शिव्या देणारी दुसऱ्याची पत्रकं, मधल्या वेळात लग्नपत्रिका आणि दहाव्याच्या चिठ्ठ्या. सगळं एकाच चेहऱ्याने.

एकदा सख्ख्या पुतण्याची लग्नपत्रिका त्यांनी स्वतः जुळवली आणि लग्नाला गेलेच नाहीत.

“मामा, पत्रिका तुम्हीच केली ना?”

“केली की. वाचली कुठं?”

शेठचं एक साप्ताहिकही होतं. ते शनिवारी निघायचं आणि रविवारपासून त्यात भजी बांधली जायची. माणूस चंद्रावर जाऊन आला होता, दुष्काळ नुकताच सरला होता, नगरच्या नळाला अजून दिवसाआड पाणी येत होतं, आणि नेमकी अशा वेळी मला विज्ञानकथा लिहायची उबळ आली. ‘तिसऱ्या चंद्रावरचा मुक्काम’ असं नाव ठेवलं. वीस हप्ते ठरले. लेखक म्हणून टोपणनाव घेतलं. ते इथे सांगत नाही, झाली तेवढी शोभा पुरे. लेखक कोण हे फक्त मला आणि शेठला माहीत होतं. म्हणजे तशी माझी समजूत होती.

पृथ्वीवरून सात माणसं यानात बसून तीन चंद्र असलेल्या एका ग्रहाकडे निघतात, अशी ती गोष्ट. त्यातला एक म्हातारा मिस्त्री. यानात मी चहासाठी स्टोव्ह ठेवला होता आणि खिडकी उघडून बाहेर बघायची सोय केली होती, यावरून माझा शास्त्राचा अभ्यास ध्यानात यावा. वाचकांचा प्रतिसाद म्हणाल तर एक पोस्टकार्ड आलं. एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं होतं की, खिडकी उघडल्यास सातही जण ताबडतोब मरतील, आणि ते मेल्यास आपली काही हरकत नाही.

तिसरा हप्ता जुळवताना मामांचा हात थांबला.

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण मशीनमनने मशीन बंद करून बाहेर येऊन बघितलं, इतकी ती गोष्ट नवलाची होती. मामांनी कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला आणि म्हणाले, “मास्तर, ह्यो मिस्त्री बरा हाय. बोलत न्हाई, काम करतो.”

“मामा, तुम्ही वाचलंत?”

“छ्या! नदरंखाली आलं.”

त्यानंतर दर गुरुवारी ते नदरंखाली येऊ लागलं. बुधवारीच मामा माझ्या टेबलाशी घुटमळायचे. “पुढचं आलं का?” आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी पुढचं विचारत होतं आणि मी चेहरा कोरा ठेवून “बघतो, लेखकाकडून यायचंय,” म्हणत होतो. रात्री घरी जाऊन त्यांच्यासाठी लिहीत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. मिस्त्रीला मग मी हळूहळू मामांसारखाच करत गेलो. त्याला एकटा ठेवला, बायको वारलेली दाखवली, डबा स्वतः करून आणणारा दाखवला. नगरला लागूनच असलेल्या भिंगारला एका खोलीत राहून रोज सायकलने येणारा माणूस यानात बसवायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

सातव्या हप्त्यात मी घोळ केला. वाचकाला धक्का द्यावा म्हणून तिसऱ्या चंद्रावर धुळीचं वादळ आणलं आणि मिस्त्री बाहेर दुरुस्ती करत असतानाच यान उडवून दिलं. म्हातारा एकटा मागे राहिला.

मामांनी तो हप्ता जुळवला, हात धुतले आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

“लेखक हलकट हाय.”

“अहो, वादळ आलं होतं मामा.”

“सहा जनं तरनीताठी, आन म्हाताऱ्याला टाकून पळाली? आन ह्यो लिवनारा बसलाय मजा बघत! सांगा त्याला, मामा म्हनले म्हनून सांगा. बिनकाळजाचा हाय त्यो.”

“सांगतो,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

त्या रात्री घाबरून मी आठवा हप्ता लिहिला. यानातल्या माणसांची आपापसात भांडणं होतात आणि शेवटी ती ठरवतात, परत जायचं. ‘यान वळले,’ इथे हप्ता संपत होता. मामांनी तो अर्ध्या दिवसात जुळवून ठेवला. आणि त्याच संध्याकाळी शेठने मला बोलावलं. कागदाची टंचाई सुरू झाली होती, आठ पानांचा पेपर चार पानांवर येणार होता. शेठ म्हणाले, “मास्तर, अंतराळात जागा पुष्कळ आहे हो, आपल्याकडे नाही.” साखर कारखान्याच्या जाहिराती, बाजारभाव आणि शेठच्या मेहुण्याचं राशिभविष्य मात्र राहिलं. मेहुण्याला मालिका बंद पडणार हे आधीच दिसलं असणार.

मालिका गेल्याचं दुःख जगात एकाच माणसाला झालं. मला धरू नका. माझा अपमान झाला, तो वेगळा.

आता छापखान्याची एक रीत सांगायला हवी. मजकूर छापून झाला, किंवा छापायचा रद्द झाला, की तो मोडायचा. म्हणजे एकेक खिळा उचलून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. खिळे मोजकेच असतात, पुढचं काम त्यातूनच करायचं असतं. मामांनी आठवा हप्ता मोडला नाही. सुतळीने बांधून, खाली फळीवर ठेवून, त्यावर जुनी रद्दी झाकली.

“मामा, हे मोडायचं ना?”

“यान वळलंय मास्तर. अर्ध्यात कसं मोडायचं? म्हातारा तिथंच बसलाय.”

लगीनसराई आली आणि छापखान्यात खिळे कमी पडायला लागले. शेठ रोज बोंबलायचे, “खिळे जातात कुठं? खाता काय?” खिळे तिसऱ्या चंद्राच्या वाटेवर होते. मी आणि मामा एकमेकांकडे बघायचो नाही.

अशात काष्टीकडच्या एका दूध संस्थेचा वार्षिक अहवाल छापायला आला. सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एकदम छापायचा एक मोठा ताव, त्यात पंधरावं पान कोरं. मी तपासलेल्या प्रुफातही कोरंच होतं, शपथेवर सांगतो. छापील प्रती सभेच्या दिवशी सकाळी तयार झाल्या, हे तुम्हाला सांगायला नकोच. शेठने गठ्ठे माझ्या डोक्यावर दिले आणि एसटीत बसवलं. श्रीगोंद्याच्या अलीकडे, वेळ जाईना म्हणून, मी एक प्रत उघडली.

पंधराव्या पानावर आठवा हप्ता होता. वर चौकट, खाली वेलबुट्टी. अहवालात सगळ्यात देखणं पान तेच होतं.

उतरून पळून जावं असं वाटलं. पण गठ्ठे माझ्याकडे आणि सभा माझ्यासाठी थांबलेली. संस्थेच्या पटांगणात मांडव होता. प्रती वाटल्या, अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, “अहवाल आपण सर्वांनी वाचला आहेच.” प्रती हातात पडून पाच मिनिटं झाली होती. “तरी तो मंजूर करावा.” “मंजूर, मंजूर!” सगळ्यांनी हात वर केले. अशा रीतीने आमचं यान सर्वानुमते मंजूर झालं. मी सुटकेचा श्वास घेतला, तेवढ्यात मागच्या बाजूला पटका बांधलेला एक शेतकरी उठला.

“अध्यक्षसाहेब, मंजूर हाय वो. पन पंधराव्या पानावर त्यो म्हातारा एकलाच बसलाय, त्याला आनाया मानसं माघारी फिरल्याती. ती पोचली का न्हाई?”

अध्यक्षांनी सचिवांकडे बघितलं, सचिवांनी पान काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि अध्यक्षांच्या कानाला लागले. पण अध्यक्ष कसलेले होते. त्यांनी घसा साफ केला.

“सदर बाब संचालक मंडळाच्या विचाराधीन आहे.”

टाळ्या पडल्या. शेतकरी खाली बसता बसता म्हणाला, “पन लवकर करा. हवा संपत आलीय त्याची.”

संध्याकाळी छापखान्यात परतलो आणि मामांना सगळं रंगवून सांगितलं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “म्हंजे काष्टीत एकानं वाचलं?”

“एकाने वाचलं.”

“बास झालं.” मग स्टिक उचलत, “पुढचं कधी?”

शेठपर्यंत बातमी पोचायला आठवडा लागला. ते काय काय बोलले ते छापण्याजोगं नाही, आणि हे छापखान्यात काम केलेला माणूस सांगतोय. मामांना त्यांनी सगळ्यांसमोर तो मजकूर मोडायला लावला. मामा स्टुलावर बसले आणि एकेक खिळा परत खणात टाकायला लागले. एरवी मोडताना त्यांचे हात जुळवण्याहून भराभर चालायचे. त्या दिवशी दुपार गेली. मी जवळ गेलो तेव्हा ओठ हलताना दिसले. उलट्या अक्षरांतून ते एकेक ओळ वाचत होते आणि मग मोडत होते. मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. लाज वाटली मला.

पुढच्या वर्षी मामांचे डोळे गेले. एकदम नाही, आधी बारीक टाइप दिसेना, मग मोठा. शेठने निरोपाचे हारतुरे केले, फोटो काढला. मी त्यांना भिंगारच्या बसपर्यंत सोडायला गेलो. बस यायला वेळ होता.

“मास्तर, पुढचं लिवलं का?”

“लेखकाला विचारतो, मामा—”

“आता पुरं!” मामा खेकसले. “तुमचं अक्षर मी रोज प्रुफाच्या कडंला बघत हुतो. हप्त्याचे कागद त्याच अक्षरातले. मला काय आंधळा समजता? आंधळा तर आता झालो.”

म्हणजे हलकट, बिनकाळजाचा, सगळं त्यांनी मला तोंडावर म्हटलं होतं आणि मी निरोप पोचवायचं कबूल केलं होतं!

“मग बोलला का नाहीत?”

“तुमीच लपून बसलाव, मी कशाला काढू?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्याला घरी आनू नका. घरी तरी कोन हाय त्याचं? फकस्त त्याला लांबनं यानाचा उजेड दिसू द्या. कुनीतरी येतंय, एवढं कळू द्या. बास.”

“लिहितो मामा. येत्या रविवारी भिंगारला घेऊन येतो, वाचून दाखवतो.”

“या. मी हायेच.”

मी लिहिलं, अगदी त्याच आठवड्यात. पण आयुष्यात पहिल्यांदा हक्काचा वाचक मिळाला होता, तेव्हा अंगात लेखक शिरला. उजेड कसा दिसावा यावर खल सुरू झाला. आधी पिवळा केला, मग निळा, मग तो वादळाच्या धुळीतून आणला. शेवटचा परिच्छेद अकरा वेळा खरडला. ‘येत्या रविवारी’ म्हणता म्हणता पावसाळा गेला, दिवाळी गेली. पुढे एका बुधवारी, दुसऱ्याच कुठल्या कामाने त्या बाजूला जायचं होतं म्हणून, कागद खिशात घातला.

खोलीला कुलूप होतं. शेजारच्या दारात एक बाई भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर केली.

“प्रेसमधलं मास्तर का तुमी?”

“हो. मामा...”

“म्हैना झाला की त्यास्नी जाऊन.” त्यांनी राखेचा हात पुसला. “रोज दिस कलला की हितं वट्यावर बसायचं. दिसत तर काय नव्हतं. पन रस्त्यानं सायकल वाजली की इचारायचं, ‘मास्तर का?’ आमी म्हनायचो, मामा, आत चला, गारठा हाय. तर म्हनायचं, थांबा, एक पान यायचंय.”

मी ओट्याकडे बघितलं. बसून बसून एका जागी सारवण उडालं होतं. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.

बाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं. मी प्यायल्यावर तांब्या परत घेत त्यांनी विचारलं, “लई लांबनं आलाव का?”

“नाही,” मी म्हणालो. “नगरहून.”