रुमालाखालचा हात

रज्जाकभाईने मला फसवलं. तेही वारल्यानंतर.

भुताखेताच्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. तुम्ही लोक इथे लिहिता, ते वाचून हसत आलोय. हे मात्र माझ्याच हाताला झालं... म्हणून लिहितो.

जळगावात पिंप्राळ्याला मी जुन्या जपानी गाड्या विकतो. शोरूम नाही, घरासमोरची मोकळी जागा. धुळ्याचा रज्जाकभाई माझा भागीदार. दोघंही आधी बैलबाजारातले दलाल, त्यामुळे गाडीचा सौदाही तसाच — हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. तोंडाने एकदा ‘दिली’ म्हटलं की मागे फिरायचं नाही.

रज्जाकभाईच्या उजव्या हाताचं पहिलं बोट पेरभर तुटलेलं, रेडिएटरच्या पंख्यात गेलेलं. आणि ‘आता ताणू नको’ असं मला सांगायचं असलं की तो अंगठ्याचं नख माझ्या तळव्यावर दोनदा ओढायचा. हे आमच्या दोघांतलंच.

तो हिवाळ्यात गेला. आमची एक चंदेरी सेडान विकायची राहिली होती. दीपनगरच्या एका इंजिनिअरने जपून वापरलेली. ती मी स्वस्तात सोडणार नव्हतो.

शिंदखेड्याहून एक नाना आले. मुलीला सारखं धुळ्याच्या दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणाले.

“नाना, दुखणं तुमचं, गाडी माझी. भावाचं बोला,” मी म्हटलं.

भर दुपार. चहा आला. मी हातावर रुमाल टाकला, हात पुढे केला आणि नेहमीसारखं तोंड रस्त्याकडे वळवलं. माझे डोळे मी कुणाला वाचू देत नाही. खाली हात आला. उबदार. बोटं दाबली — भाव इतका खालचा की शिवी तोंडाशी आली. तेवढ्यात ते तुटकं पेर लागलं. मग तळव्यावर नख, दोनदा.

सवयीने तोंडातून निघून गेलं, “दिली.”

वळून पाहिलं तर नानांच्या एका हातात कप, दुसऱ्यात बशी.

“काय दिली, भाऊ? मी तं आजून हात टाकाच नही.”

मी भाव सांगितला. नानांनी कप बशीत ठेवला.

“हाऊच भाव रज्जाकभाईनी माले कबूल करेल व्हता. तुमले सांगसू म्हने... मंग गयात.”

“मग आल्या आल्या का नाही बोललात?”

“मरेल मानूसना नाववर भाव कसा पाडू?”

एरवी मी गल्ली डोक्यावर घेतली असती. राग यायला हवा होता, आला नाही. चावी देऊन टाकली. संध्याकाळी जेवायला बसलो तर उजवा तळवा बधिर, हाताला घास कळेना.

घरचे म्हणतात भास. डॉक्टर म्हणाला, नस दबली असेल. पण नानांना कबूल केलेला भाव नसेला कसा ठाऊक?

माझं म्हणणं एवढंच — निम्मी गाडी माझी होती. शब्द देण्याआधी मला विचारायचं नाही? रुमाल अजून माझ्या खिशात आहे, रज्जाकभाई. हात घाल आणि उत्तर दे.