खंडेनवमीला कोरा केलेला संगणक

गेल्या वर्षी खंडेनवमीला, पूजेच्या आधी, माझ्या थोरल्या भावाचं चाकणच्या गाळ्यातलं लेथ मशीन थांबवलं गेलं. ते पुन्हा सुरू झालं नाही.

गाळ्यात ते एकच मशीन होतं. ते चालवणाऱ्या संगणकावर खुली, फुकट मिळणारी सिस्टिम होती. मोटर फिरवणारं कार्ड मात्र एका लहान कंपनीचं, आणि त्या कार्डासाठी सिस्टिममध्ये त्याच कंपनीचं बंद, म्हणजे आतला कोड न दाखवणारं मोड्यूल घालावं लागे.

खंडेनवमीला मशीन पुसून हार घालायची आमच्याकडे पद्धत. संगणक मंदावला होता, म्हणून भावाने तोही त्याच दिवशी साफ करायला काढला. काळेवाडीत संगणक दुरुस्त करणारा त्याचा मित्र आला होता.

"भाऊ, चालतंय ते कशाला उघडतो?" मित्राने विचारलं.

"चालतंय तोवरच पुजायचं, राव. बंद पडल्यावर घालतात तो हार वेगळा."

मित्राने डिस्क कोरी केली. सिस्टिम नव्याने बसली. मोड्यूलची प्रत भावाने पेन ड्राइव्हवर जपून ठेवली होती, तीही बसली. मग मोड्यूलने इंटरनेटवरून कंपनीची मंजुरी मागितली. कंपनी कधीच बंद झाली होती. तिचा फोन लागेना.

"सिस्टिमचा कोड उघडा आहे, पाहिजे ते बदलून देतो," मित्र म्हणाला. "ह्या मोड्यूलच्या आत काय आहे ते दिसतच नाही."

"मशीन माझं आहे ना?"

"मशीन तुझंच आहे."

वहिनी ताट घेऊन थांबली होती. भावाने हार घातला.

दोन्ही परवाने मी नंतर वाचले. सिस्टिमचा परवाना वापरायला, बदलायला आणि वाटायला मोकळीक देतो. मोड्यूलच्या परवान्यात दर वेळी बसवताना कंपनीची मंजुरी लागेल, असं कलम आहे. भावाने पहिल्यांदा बसवताना न वाचता 'मान्य' दाबलं होतं.

नवं कार्ड घ्यायचं तर मोटरला वीज पुरवणारे ड्राइव्हही बदलायला लागत होते. काम देणारी कंपनी तेवढं थांबली नाही. ऑर्डर शेजारच्या गाळ्यात गेली.

दिवाळीनंतर मशीन भंगारात दिलं. टेम्पोत चढवण्याआधी भावाने वाळलेला हार काढून घेतला.

तो आता एका कंपनीत फर्स्ट शिफ्टला जातो. संगणक त्याच्या मोशीतल्या घरी आहे. पुतणी त्यावर अभ्यास करते. सिस्टिम चालू आहे.