पाणी सरळ गेलं

आमचे मिस्त्री उभे राहून लिहायचे. नांदेडच्या आमच्या छापखान्यात टाइपाचं एक उंच कपाट होतं. त्यावर कागद ठेवायचा, डाव्या तळहाताने दाबून धरायचा आणि पेन्सिल चालवायची. मी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "बसलं की लांबण लागती. उभं ऱ्हायलं की पाय दुखतेत, मग मानूस कामाचंच लिव्हतो."

तुमच्यापैकी कुणी तेव्हा आमचं मोटारींचं मासिक वाचत असेल, तर त्यांचं सदर आठवेल. नसेल आठवत, तरी माणूस ऐकून घ्या.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवी कार्यालयं, नवे साहेब, नव्या कोऱ्या जीपगाड्या. त्यामुळे लातुरात आमचा खपही वाढला होता. आणि त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. साहेबांच्या जीपमागोमाग रस्त्यावर पाण्याचे टँकर धावू लागले होते.

मासिकाचे मालक आणि संपादक म्हणजे भाईजान. छापखाना त्यांच्या आजोबांपासूनचा. मी उपसंपादक, म्हणजे प्रुफं तपासणारा आणि पत्रं फोडणारा. आमचं सगळ्यात लाडकं सदर एक वकीलसाहेब लिहीत. त्यांची एक जुनी विलायती मोटार होती. तिची चकाकी, तिची गादी, तिच्यातून केलेल्या सहली, असं सगळं ते इतकं गोड लिहीत की सायकलवाल्यांनासुद्धा आपण मोटारीत बसलोय असं वाटावं. ते मुलाकडे हैदराबादला राहायला गेले आणि सदर रिकामं पडलं.

नेमके त्याच आठवड्यात मिस्त्री आले. हदगावकडचे, सरकारी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. वकीलसाहेबांच्या शेवटच्या लेखात रेडिएटरबद्दल एक चूक होती, ती दाखवायला अंक काखेत मारून आले होते. भाईजाननी ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "मग तुमीच लिहा की!"

"लिव्हतो," मिस्त्री म्हणाले. ते हसले नाहीत.

पहिला लेख दुष्काळात रेडिएटरला कुठलं पाणी घालावं यावर होता. बोअरचं खारं पाणी घातलं तर आतून कसा गंज चढतो, ते त्यांनी चार पानांत सांगितलं. सहल नाही, चकाकी नाही. वाचक चिडले. 'शौकिनांच्या मासिकात हा गॅरेजचा वास कशाला?' असं एकानं लिहिलं. दुसऱ्याचं पत्र एका ओळीचं होतं: 'लेखाखाली नुसतं मिस्त्री असं छापता, यांचं आडनाव काय?'

ते पत्र मी लपवायला गेलो, तर त्यांनी हात पुढे केला. वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मग भाईजानना विचारलं, "माझं पुरं नाव का छापलं न्हाई तुमी?"

भाईजान चष्मा पुसत म्हणाले, "मिस्त्री म्हणजे लोकांना जवळचं वाटतं ना."

आम्हा तिघांनाही उत्तर ठाऊक होतं. त्यांचं आडनाव वाचलं की जात कळत होती, आणि भाईजानना वाद नको होता. मिस्त्री "हाव" एवढंच म्हणाले आणि कपाटाकडे वळले.

पुढचे काही महिने असेच ताणात गेले. मग औशाकडच्या एका वळणावर टँकर उलटला. कुणी दगावलं नाही, पण ड्रायव्हरचा पाय मोडला. बालाजी त्याचं नाव. मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेला. टँकरच्या मालकानं जाहीर केलं, पिऊन चालवत होता. दोन दिवसांत सगळ्या गावांत तेच बोललं जाऊ लागलं.

मिस्त्री मला घेऊन लातूरच्या दवाखान्यात गेले. बालाजीची बायको खाटेपाशी बसली होती, पण त्याच्याकडे पाठ करून. तिलाही ते खरं वाटलं होतं.

"पेला होतास?" मिस्त्रींनी सरळ विचारलं.

"न्हाई, मिस्त्री. लेकराची आन."

"टाकी किती भरली हुती?"

"अर्धी. बाकीचं पाणी एका गावात सोडून आलतो." बालाजीनं ओठ चावला. "मी वळण घेतलं, मिस्त्री. गाडीनं बी घेतलं. पाणी सरळ गेलं."

मिस्त्री खाटेची कड धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटापाशी उभं राहून त्यांनी एका दमात लेख लिहून काढला. टँकरच्या टाकीत आडवे पत्रे लावायचे असतात, त्यांना भोकं ठेवायची असतात, म्हणजे पाणी एकदम धावत नाही. घाईघाईनं केलेल्या नव्या टाक्या आतून मोकळ्याच आहेत. अशी टाकी पूर्ण भरलेली असताना सावरते, अर्धी असताना गाडी उलथवते. चूक ड्रायव्हरची नाही.

त्या टाक्या करणारे लातूरचे एक शेटजी आमच्या मागच्या कव्हरवर दरमहा जाहिरात देत. त्यांच्यावाचून अंक निघणं अवघड होतं.

भाईजाननी लेख दोनदा वाचला. "बात खरी हाय, मिस्त्री. पन कव्हर गेलं तर मासिक कसं जगंल?"

"मग शेटजीला तसल्या अर्ध्या टाकीच्या गाडीत बसवा. मी चालवतो. उतरल्यावर तेनी म्हनू द्या, छापा का नका छापू."

भाईजाननी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला नोकरी हवी होती, हे कबूल करतो. शेवटी त्यांनी लातूरला ट्रंक कॉल लावला. पलीकडून शेटजी इतक्या मोठ्यानं हसले की मलाही ऐकू आलं. "या की! टाकी अर्धी भरूनच ठेवतो."

लातुरात गावाबाहेर नव्या कार्यालयांसाठी मोठी जमीन सपाट करून ठेवली होती. इमारत एकही नव्हती, नुसत्या चुन्याच्या रेघा. भर दुपार होती. टँकर पाहून जवळच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन येऊन थांबल्या होत्या. मिस्त्रींनी त्यांना हातानं लांब सरकवलं. "जरा दम धरा, माय. पाणी तुमालाच देतो."

स्टिअरिंगवर मिस्त्री, मधे शेटजी, दाराशी मी. मिस्त्रींनी कित्येक वर्षांत जड गाडी चालवली नव्हती. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता.

"ती तिसरी रेघ," ते म्हणाले. "तिच्याआधी थांबतो." गाडी वेगात सोडली आणि ब्रेक मारला. रेघेच्या वीतभर आधी आम्ही खरंच थांबलो.

"थांबली की!" शेटजी म्हणाले.

तेवढ्यात मागून धाडकन आवाज आला. टाकीतलं पाणी पुढच्या पत्र्यावर येऊन आदळलं होतं. ब्रेक दाबलेला असताना गाडी फरफटत पुढे गेली आणि रेघ ओलांडून थांबली. शेटजींच्या हातातली टोपी खाली पडली.

कुणी काही बोलायच्या आत मिस्त्रींनी पुन्हा गिअर टाकला. "आता वळण."

"मिस्त्री, बस झालं," मी म्हणालो.

"बालाजीला कुनी म्हनलं का, बस झालं?"

त्यांनी गाडी वळवली. वेग फार नव्हता, खरं सांगतो. पण गाडी उजवीकडे वळली आणि मागचं सगळं पाणी डावीकडे गेलं. माझ्या बाजूची जमीन खिडकीत वर आली. शेटजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे आठवडाभर वळ होता. उजवीकडची चाकं उचलली गेलीत, हे बसल्या जागी कळत होतं. त्या क्षणी मला माझ्या आईचा चेहरा दिसला, दुसरं काही नाही. मिस्त्रींनी स्टिअरिंग सैल सोडून गाडी पाण्याच्या बाजूला जाऊ दिली आणि चाकं दणकन खाली टेकली.

शेटजी उतरले. टोपी न उचलता आपल्या गाडीत बसून निघून गेले.

मिस्त्री मात्र खाली उतरेनात. मला वाटलं रागात आहेत. जवळ जाऊन पाहिलं, तर ब्रेकवर दाबलेला पाय त्यांनी अजून उचलला नव्हता. "माझ्यानं उतरवंना," ते हळूच म्हणाले. "तू नळ उघड. बाया खोळंबल्यात." मी नळ उघडला. घागरी भरेपर्यंत ते स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून होते. त्यांना बसलेलं पाहण्याची ती माझी पहिली वेळ.

संध्याकाळी नांदेडला परतल्यावर भाईजाननी माझा दंड पाहिला आणि म्हणाले, "छापा."

"एक अट हाय," मिस्त्री म्हणाले. "ह्या लेखाखाली माझं पुरं नाव टाका. भांडन झालं तर माझ्या नावानं होऊ द्या." ह्या वेळी भाईजाननी चष्मा पुसला नाही. नाव त्यांनी स्वतः जुळवलं, जाड टाइपात. आम्ही मात्र त्यांना मिस्त्रीच म्हणत राहिलो, म्हणून इथेही तेच लिहितो.

अंकाची पहिली प्रत मिस्त्रींनी दवाखान्यात नेली. बालाजीच्या बायकोनं ओळींवर बोट फिरवत लेख वाचला. त्याला बराच वेळ लागला. मग अंक मिटून नवऱ्याकडे वळली आणि विचारलं, "लई दुखतंय का?" मिस्त्री पटकन बाहेर व्हरांड्यात गेले.

जाहिरात अर्थातच गेली. काही अंक बारीक निघाले. 'आता ह्यांच्याकडून शिकायचं का आम्ही?' अशीही पत्रं आली. पण ड्रायव्हरांची पत्रं त्याहून जास्त आली, पेन्सिलीनं लिहिलेली, तेलाचे डाग पडलेली. काही टँकरमालक एकेक करून टाक्या उघडून आत पत्रे बसवू लागले. वर्षभरानं लातूरला शेटजींच्या दारात नवी पाटी लागली: 'आडव्या पत्र्यांची खास टाकी, आमचाच शोध.' मी चिडून मिस्त्रींना सांगितलं. ते इतके हसले की पेन्सिल खाली पडली. "पत्रे लावून राहिला ना? मग शोध तेचाच समज!"

पुढं त्यांचे डोळे अधू झाले आणि ते हदगावला मुलीकडे गेले. मुलगी शाळेत शिकवायची, ती त्यांना अंक वाचून दाखवायची. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "आता सदर तू लिही."

"मला तर गाडी चालवतासुद्धा येत नाही, मिस्त्री."

"चालवायला कोन सांगतंय? गाडीखाली शीर आन् बघ."

माझा पहिला लेख त्यांना मुलीकडून ऐकता यावा म्हणून मी आठवडाभर नुसतीच वाक्यं जुळवत बसलो. लेख काही होईना. एके सकाळी मुलीचं पत्र आलं. मिस्त्री गेले होते.

भाईजाननी प्रेस बंद ठेवला. मी घरी गेलो नाही. बसस्टँडमागच्या एका गॅरेजात गेलो. एक ट्रक उभा होता. गॅरेजवाल्याला सांगितलं, मला खालून बघायचंय. त्यानं माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, काही न विचारता एक गोणपाट अंथरलं आणि बाजूला झाला. मी आत सरकलो. अंधार होता, ग्रीसचा उग्र वास होता, आणि नाकासमोरचं काहीच मला ओळखू येईना. वही मी छातीवर ठेवली. मग हात वर केला आणि हाताला लागला त्या पहिल्याच नटाबद्दल बाहेर उभ्या माणसाला विचारलं, "दादा, हे काय असतं?"