दिवस जाऊ द्या

चंद्रपूरच्या एस.टी. स्टँडवर मी बाकड्यावर टेकलो आणि शेजारचे दोघे उठून गेले. तिसराही सरकायला लागला तेव्हा कारण विचारलं. तो म्हणाला, "ऑपरेशनवाले ना जी तुमी?" पांढऱ्या झग्याने घात केला होता. नसबंदीची धरपकड थांबून काही वर्षं झाली, तरी इथे पांढरा झगा दिसला की पुरुष पांगतात. वसईकर वाचकहो, इकडे बदलून आलेल्या तुमच्या फादरवर पुष्कळ आरोप झाले, हा मात्र नवा.

मी निघालो होतो नेमक्या उलट कामाला. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झालेला. वैनगंगेपलीकडच्या आमच्या मिशनच्या दवाखान्यात बायकांना नैसर्गिक पद्धत शिकवायची होती. गोळ्या नाहीत, तांबी नाही. दिवस मोजायचे आणि ठरावीक दिवशी नवऱ्याने लांब राहायचं. पिशवीत वरिष्ठांचं छापील टिपण होतं: साधनं आली की मागोमाग गर्भपातही वाढतात. हे सगळं ब्रह्मचाऱ्याने शिकवायचं, यातली गंमत मला कळत होती. फादरकीच्या वीस वर्षांत कुणाजवळ बोललो मात्र नव्हतो.

मूल गावाच्या पुढे गाडी पंक्चर झाली. पानं झडलेल्या सागाखाली सावली शोधत उभा होतो, तर एका म्हातारीने ओटीतली टेंभरं (तेंदूची पिकली फळं) दिली आणि लेकरं किती म्हणून विचारलं. एकही नाही म्हटल्यावर तिने आणखी दोन फळं हातावर ठेवली.

दवाखाना चालवणाऱ्या केरळच्या सिस्टरने भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे वाढले. मग ओसरीवर पंधरा-वीस बायका जमल्या. फळ्यावर महिना काढून मी धोक्याच्या दिवसांभोवती रेघ ओढली आणि गंभीरपणे सांगितलं, "एवढे दिवस जाऊ द्या."

ओसरी हसण्याने दणाणली. पुढे बसलेली एक जण पदर सावरत म्हणाली, "दिवस जाऊ नाई म्हणून तं आलो आमी, फादर. अन् तुमीच म्हणता, जाऊ द्या." सिस्टर औषधाच्या कपाटात तोंड घालून बाटल्या लावू लागल्या. मागून कुणी सुचवलं की हा फळा दारूच्या गुत्त्यावर नेऊन टांगा, दारू प्यालेला माणूस दिवस मोजते काय? याचं उत्तर टिपणात नव्हतं.

बायका पांगल्या, पण पदर सावरणारी ती मागे थांबली. तिला मार्था म्हणू. खरं नाव वेगळं. पण तिची हकिकत लिहू का असं विचारल्यावर "लिवा जी" म्हणाली होती. चार लेकरांची आई, अंगात रक्त नाही. ती बोलायला लागताच मी घाईने विचारलं, हे पापाच्या कबुलीत सांगतेस का, जिथलं बाहेर नेता येत नाही?

"नाई. कबुलीत तुमी पाठ केलेलं सांगता. साधं बोला. दोन सालाआधी तुमी इथं आले होते तेवा तांबी बसवू काय म्हणून विचारलं, तं तुमी पाप म्हणाले. मी नाई बसवली. मंग दोनदा पोट पाडलं, सुईणीच्या मुळीनं. एक पाप वाचवाले गेली, दोन मोठे झाले. आता सिस्टर म्हणते, आणखी एकदा मुळी घेतली तं मी मरन. मंगळवारी गावात सरकारी तांबीवाली बाई येऊन राह्यली. जाऊ काय?"

पिशवीतलं टिपण मी बाहेर काढलं नाही. आतापर्यंत असा प्रश्न आला की मला चर्चच्या नियमांचं लॅटिन आठवत असे.

"जा," मी म्हणालो.

"अन् कबुलीत काय सांगू?"

"याचं काही सांगू नकोस. ते मी सांगीन."

ती म्हणाली, "पहिलेच सांगते, फादर, तुमाले माफी लवकर नाई भेटत."

परतीच्या वाटेवर चंद्रपूरला उतरलो आणि ज्यांच्याकडे मी स्वतः कबुली देतो त्या वयस्कर फादरांपुढे गुडघे टेकले. दोन्ही सांगितलं, आधीचं 'नको' आणि आताचं 'जा'. पश्चात्ताप आहे का, त्यांनी विचारलं. म्हणालो, 'जा'चा नाही, 'नको'चा आहे. ते म्हणाले की ज्याचा पश्चात्ताप आहे ते त्यांच्या यादीत पाप नाही आणि जे यादीत आहे त्याचा मला पश्चात्ताप नाही, तेव्हा क्षमा कशाची करायची ते मीच सांगावं.

मी क्षमेविनाच उठलो आणि झग्याची धूळ झटकली. पुढच्या आठवड्यात सिस्टरचं कार्ड आलं. त्यात एकच ओळ होती, नाव तेवढं मी बदललंय: मार्था मंगळवारी गेली होती, रांगेत पहिली.