अकरा गाई आणि एक विहीर

मिलच्या कॉलनीत उभं आयुष्य काढलं की पाणी संपू शकतं हे डोक्यात शिरतच नाही. नळ सोडला की पाणी, एवढंच आम्हाला ठाऊक. यजमान कागदाच्या मिलमधून निवृत्त झाले आणि आम्ही डोईफोडियाजवळ गोठा घातला. गाई अकरा, विहीर एक.

त्या वर्षी पावसाने भाद्रपदातच पाठ फिरवली. दिवाळीत यजमान म्हणाले, "तीन गाई तापीकाठच्या मित्राकडे देऊन टाकू. तो घ्यायला तयार आहे." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग वही काढली आणि पाऊस येईपर्यंत अकराजणींना किती चारा लागेल ते मांडलं. गावोगाव फिरून ज्वारीचा कडबा जमवला. गंजी गोठ्याहून उंच झाली, आणि आल्यागेल्याला ती दाखवताना मला कोण अभिमान! वहीत पाण्याला मात्र एक ओळसुद्धा दिली नव्हती.

होळीनंतर विहिरीने तळ दाखवला. शेजारची म्हातारी गवळण गंजीकडे बघून म्हणाली, "बाई, सुका कडबा खाईल तं जनावर पानी जास्ती मांगेल ना! येवढी शिकेल तू, आन् पानी कोन गिनेल?"

मला रागच आला, कारण तिचं खरं होतं.

वाटही तिनेच दाखवली. केळीचे घड उतरवले की खांब बांधावर पडून राहतात, आणि त्यांत पाणीच पाणी. रोज सकाळी आम्ही दोघं बागाबागांतून खांब मागून आणायचो, कोयत्याने चिरून कडब्यात कालवायचो. नुसते दिले तर गाईंना ढाळ लागते. चिकाने हात काळे पडले. कंबर इतकी धरायची की जेवण नको वाटायचं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. एवढं करून आठजणींचं भागत होतं, अकराजणींचं नाही; तहानेल्या गाई समोरचा कडबाही सोडायला लागल्या.

वैशाखात मीच त्या मित्राला फोन केला. भला माणूस, गाडी घेऊन आला. दोघी फळीवरून चढल्या. तिसरी, आमची सगळ्यात पहिली तांबडी, फळीवर पाय टाकताच खाली बसली. चौघांनी मिळून तिला उचललं. माझ्या हाताला नुसत्या बरगड्या लागल्या.

यजमान मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. दिवाळीत ती आपल्या पायांनी गाडीत चढली असती.